पाळण्याखाली उभे गुंडूदाजी

जत्रेतला आकाशपाळणा चालवायला ताकद लागत नाही, नजर लागते. हे मला गुंडूदाजींनी शिकवलं. इंजिन काय, कुणीही चालू करील. दाजी ब्रेकचा दांडा धरून खाली उभे राहायचे आणि समोरून जाणारं एकेक तोंड न्याहाळायचे. एखादी बाई भ्यालेली दिसली की लगेच वेग कमी. शिरोळपासून चंदगडपर्यंत पंधरा वर्षं जत्रा केल्या, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

अठ्ठ्याण्णव साली ताप त्यांच्या मेंदूत गेला. महिनाभर कोल्हापुरात दवाखान्यात होते. वाचले. बोलणं, चालणं, आठवण, सगळं जागच्या जागी. मी पेढेसुद्धा आणले.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यादेखत त्यांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. हसणारा ओळखला, रडणारी ओळखली. मग डोळे विस्फारलेल्या, तोंड वासलेल्या एका बाईचा फोटो आला.

"ही व्हय? खूश हाय की."

पुन्हा विचारलं, तरी तेच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती आपल्याला मेंदूच्या ज्या भागामुळं कळते, तोच तापात गेलाय. आता यांना पाळण्याचं काम देऊ नका."

मी मान डोलावली आणि घरी कुणाला काही बोललो नाही. आक्कालासुद्धा नाही. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण तानाबाई, दाजींची बायको. पाळण्याचं काम सुटलं तर दाजी खचतील, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे सांगायला माझी जीभच रेटली नाही. भित्रा मीच.

पहिल्या दोन जत्रा निभावल्या. मी तिकिटाच्या टेबलावरून पाळण्याकडे डोळे लावून बसायचो आणि कुणी घाबरलेलं दिसलं की ओरडायचो, "दाजी, हळू!" ते हळू करायचे, पण का ते त्यांना उमजत नसे.

तिसऱ्या जत्रेत एक म्हातारी एकटी बसायला तयार होईना, म्हणून आक्का तिच्यासोबत बसली. नेमकी तेव्हाच माझ्यापुढं गर्दी झाली. मान वर केली तेव्हा आक्कापुढची आडवी दांडी सुटून लोंबत होती. एका हातानं म्हातारीला आवळून, दुसऱ्यानं साखळी धरून ती ओरडत होती. कर्ण्यावरच्या गाण्यात तो आवाज कुठला पोचतोय! ती खाली आली, दाजींच्या अगदी समोरून गेली, डोळे फाटलेले. दाजींनी हसून तिला हात केला आणि ब्रेक आणखी सैल सोडला.

मी टेबल उलथून धावलो, दांडा हिसकावला. पाळणा थांबला. म्हातारी बेशुद्ध होती. आक्काच्या तळहाताचं कातडं सोलून निघालं होतं.

दाजी माझ्यावरच भडकले. "का थांबीवलास रं? इतक्या वर्सांत तानी आज पयल्यांदा एवढी हसत हुती!"

आक्कानं ते ऐकलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मी काय लपवलंय ते तिला तिथंच कळलं. मग ती दाजींकडं वळली. तिच्या चेहऱ्यावरची भीती अजून गेली नव्हती, फक्त आता ती पाळण्याची नव्हती, दाजींची होती.

दाजींनी तिच्याकडं निरखून बघितलं, आणि लाडानं विचारलं, "आणिक एक फेरा घेतीस?"