आयव्हर पॅस्को आणि स्पंज केकचे नियम

आयव्हर पॅस्कोशी मी कुठला कॉम्प्युटर चांगला यावरून कितीतरी वर्षं भांडले, आणि कॉम्प्युटरमधलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. शाळा मी फार लवकर सोडली. वडिलांच्या शेतावर पोरक्या कोकरांना बाटलीनं दूध पाजायला कुणीतरी हवं होतं. पण मत असायला शाळा कुठे लागते? आमच्या गावात मांस-बटाट्याच्या पेस्टीत गाजर घालावं की नाही, यावरून सख्ख्या बहिणी नाताळात वेगळ्या टेबलांवर बसतात.

आयव्हर जन्मभर बंदरावरच्या धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर होता. उंच, जरासा वाकलेला, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर बाकीचे पुरुष धक्क्यावर गळ टाकून बसतात, हा शेडमध्ये लोकांनी फेकलेले कॉम्प्युटर उघडून बसायला लागला. त्याची बायको नोला गेली तेव्हापासून तर तो शेडमध्येच राहायला गेला म्हणा ना. शेवटी गावच्या इन्स्टिट्यूट हॉलचा कारभार बघणाऱ्या आमच्या एव्हिसनं त्याला ओढत हॉलच्या मागच्या खोलीत आणलं आणि दर मंगळवारी सकाळी आम्हा म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायला बसवलं. आम्ही काय शिकलो ते विचारू नका. पण मंगळवारी तो दाढी करून यायचा.

तो खिडक्यांच्या पार्टीतला. मी सफरचंदाच्या. कारण एवढंच, की नातीनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला, त्याच्या पाठीवर उष्टं सफरचंद होतं. तिनं टोस्टर दिला असता तर मी टोस्टरच्या बाजूनं भांडले असते.

"काय गं ग्वेंडा, आज तुझ्या त्या चांदीच्या ट्रेवर सँडविच नाही आणलीस?" आयव्हर विचारायचा.

"तुझ्यासारखं रोज पोट फाडून बघत नाही बसावं लागत मला. माझं कधी उघडावंच लागत नाही!"

हे माझं ठेवणीतलं वाक्य, नातीच्या तोंडून उचललेलं. त्यानं पुढे काही खोलात विचारलं, की मी चहा ठेवायला उठायचे.

मग कौन्सिलनं आमच्या खोलीसाठी नवे कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. अट एकच, सगळे एकाच जातीचे हवेत. कुठल्या, ते तुम्ही ठरवा म्हणाले. आम्ही हात वर करून मतं घेतली, ती समसमान पडली. एव्हिस कप विसळत होती आणि तिनं दोन्ही वेळा हात वर केला होता.

तेव्हा मी उभी राहिले आणि माझ्या मते फार शहाणपणाचं बोलले. "शेतकी प्रदर्शनात स्पंज केकचा निकाल कसा लावतो आपण? नाव झाकून, परगावची परीक्षक बोलावून. तसंच करू की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. याहून न्यायाची रीत आम्हाला ठाऊकच नव्हती. आतून मी खूश. झाकलं तरी माझं यंत्र देखणंच होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी खेकडे काढायला गेले, तर उथळ पाण्यात आयव्हर आधीच उभा. हातातलं खेकडे ओढायचं दाताळं वाळूत टेकवून म्हणाला, "तुझे आले तर मंगळवारी मी काय करू गं? ते उघडता येत नाहीत मला. बिघडले की शहरात पाठवायचे. मी नुसता बसू?"

"चहा कर," मी म्हटलं.

तो हसला नाही. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत चढलं तरी तसाच उभा. घरी येऊन मी खेकडे उकडले आणि सगळे शेजारच्या मांजरीला घातले. आता मी फार चांगली बाई असते तर तिथेच माघार घेतली असती. सकाळ झाली आणि जिंकायची खाज पुन्हा सुटली.

परीक्षक म्हणून शेजारगावच्या लॉर्ना ट्रेगेन्झाबाई आल्या, टोपी घालून. केकच्या बाबतीत त्यांच्यापुढे भले भले थरथरतात. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात बोट लावलं नव्हतं, म्हणजे कुणाची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. दोन यंत्रं टेबलावर मांडली, पाठीवरची चिन्हं केकच्या कागदानं झाकली. बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून. "रंग एकसारखा. कडा छान." मी एव्हिसला कोपर मारलं.

मग त्यांनी आयव्हरचं यंत्र उचलून उलटं केलं. खाली हवा जायच्या फटी होत्या.

"जाळीची खूण!" बाई म्हणाल्या. "थंड करायच्या जाळीवर फार वेळ राहिलाय. गुण कापले."

"अहो बाई, त्या फटी हवा–"

"परीक्षकाशी बोलायचं नाही," एव्हिसनं दटावलं.

आयव्हर पांढराफटक पडला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता मंगळवारी हा शेडमध्येच बसणार, दाढी न करता, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

"आता कापा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"आतून बघितल्याशिवाय मी पहिलं बक्षीस देत नाही. वरून काय, कुणीही नटतं."

आयव्हरचा हात खिशात गेला. बघता बघता त्यानं खालचं झाकण काढलं. बाईंनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं. "कुठे गुठळी नाही, कुठे कच्चं नाही. मन लावून केलंय कुणीतरी." मग माझ्या यंत्रावर बोट ठेवलं. "आणि हे?"

सगळे माझ्याकडे वळले. आणि माझ्या तोंडून, सवयीनं, मोठ्या तोऱ्यात निघालं, "त्याला कधी उघडावंच लागत नाही!"

"म्हणजे बंद खोक्यातला, दुकानातून आणलेला," बाई म्हणाल्या. "बाद."

बाद! प्रदर्शनात माझा केक कधी तिसऱ्याच्या खाली गेला नव्हता. कान तापले माझे. कोपऱ्यात जाऊन बसले, तर आयव्हर चहाचा कप घेऊन आला. डोळे ओले होते त्याचे.

"मुद्दाम म्हणालीस ना?" तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी?"

"मग काय तर," मी म्हटलं आणि मान खाली घालून चहा प्यायले.

नवे, खिडक्यांचे कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही सगळे जमलो. येताना रस्त्यात गचके बसले असतील, एकाचा पडदा काळाच राहिला.

"ग्वेंडा!" आयव्हर ओरडला, नातू झाल्यासारखा. "एक बंद आहे गं, अगदी बंद!"

त्यानं बाह्या वर सारल्या आणि माझ्या हातात टॉर्च दिली. मी धरली.

"जरा डावीकडे. अगं, माझी डावी! इतकी वर्षं येतेस, एवढं तरी शिक."