शकीलभाईची डोंगरातली गाडी

महागावच्या बसस्टँडमागं शकीलभाईचं गॅरेज होतं. होतं म्हणजे काय, शटर रोज उघडे, काम कायचंच नाई! कापसाचे सालं एकामागून एक असे बुडले का लोकाईनं गाड्या दुरुस्त करनंच सोडून देल्लं. क्लच गेला का गाडी घरात उभी अन् मालक पायी बाजारात. पुंडलिकराव म्हणजे जुनं गिऱ्हाईक, ते बी गॅरेजसमोरून मान खाली घालून जात. एक दिवस शकीलभाईनंच हाक मारली, "काहून काका, रुसले काय?"

"रुसत नाई रे बाबा, तुले पाह्यलं का मले माह्या गाडीची याद येते!"

दोघं हासले. मंग पुंडलिकराव निघून गेले.

शकीलभाईचा साळा इम्तियाज वणीले राहे. तिथं कोळशाच्या ट्रकाईचे चाकं खोलाचं, पंक्चर काढाचं त्याचं दुकान. तो सारखा निरोप धाडे का या इकडं, हात कमी पडून राह्यले. शकीलभाईच्या बायकोचं, शबानाचं बी तेच. पन शकीलभाईचा जीव मोटारसायकलीत, त्यातही टू-स्ट्रोकमंदी. फोर-स्ट्रोक गाडीले तो 'शिवनयंत्र' म्हने. वणीले गेलो का आपून संपलो, असं त्याच्या मनानं घेतलंच होतं.

अन् मंग ते नागपूरचे हौशी लोक आले. डोंगरातल्या पायवाटाईनं गाड्या घालाचा त्याईले नाद. त्यातल्या एकाची गाडी इथंच बंद पडली, शकीलभाईनं चालू करून देल्ली. त्याईचे मुख्य पेंढारकर साहेब म्हनले, "आमच्या वर्कशॉपला माणूस हवाय. पण नुसता पाना फिरवणारा नको, आमच्या मागे डोंगरात स्वतः गाडी घालणारा पाहिजे. पुढच्या खेपेला तांड्यावरची टेकडी आमच्याबरोबर चढून दाखवा, मग नागपूरला चला."

बस! शकीलभाई त्या दिवशी जेवलाच नाई. यवतमाळच्या भंगारातून एक जुनी टू-स्ट्रोक उचलून आनली. गाडी कायची, सापळा होता! मागच्या चाकाची चेनची चकरी काढून मोठी बसवली, म्हणजे चढाले जोर भेटते. सायलेन्सर खाली दगडाले लागते म्हनून वाकवून वर सीटखाली घेतला. मडगार्ड उचललं, जाड बटनाचे टायर चढवले. ऑइलच्या ड्रमचा पत्रा कापून इंजिनाच्या पोटाखाली ढाल ठोकली. शबाना म्हने, "मैं मायके से आई तब भी मुझे इतना नहीं सजाया था!"

"तू कोनसी डोंगर चढनेवाली है?" तो म्हने, अन् ते बिचारी हासे.

एकच गोष्ट जमत नव्हती. धूर! टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळा लागते, नाई तर इंजिन आतून कोरडं पडते अन् पिस्टन पकडते, जागीच जाम होते. शकीलभाई स्वतः डब्यात मिसळून टाकीत ओते. पन जुनं इंजिन धूर इतला फेके का मागचा मानूस दिसत नव्हता. कार्बोरेटरची पेट्रोल सोडनारी जेट बदल, स्क्रू फिरव, पुन्हा बदल. नाईच!

साहेब लोक येनार त्याच्या आदल्या सकाळी तांड्यावरचा धावजी धावत आला. त्याची माय मानीबाई तापानं फनफनून राह्यली होती अन् त्या वाटेनं खाली आनाले दुसरी कोनतीच गाडी जात नव्हती.

"शकील भिया, तुही गाडी देतं का?"

नाई म्हनता येते काय? शकीलभाईनं चाबी देल्ली. संध्याकाळी गाडी परत, पुसून, स्वच्छ. म्हातारीले सलाइन लावलं होतं, बरी होती. शकीलभाईनं टाकी उघडून पाह्यली. पेट्रोल तितलंच. त्याले वाटलं, पोट्टा दवाखान्यापावतर एकच चक्कर मारून आला असन.

दुसऱ्या दिवशी किक मारली अन् शकीलभाई पाहतच राह्यला. धूर कमी! एकदम कमी! रातच्याले स्क्रू थोडा फिरवला होता, त्याले वाटलं जेट बसली, अल्लानं ऐकलं.

टेकडी अर्ध्यावर चढेपावतर गाडी अशी पळाली का पेंढारकर साहेब मागं वळून पाहे. शकीलभाई उभा राहून चालवे, दगडावरून उडे, पोट्ट्यावानी वरडे. खड्या चढावर इंजिनाचा आवाज बारीक झाला, कर्रकन वाजलं, अन् मागचं चाक जाग्यावर जाम. गाडी आडवी, शकीलभाई काट्यात. किकवर उभा राह्यला तरी किक हालेना. पिस्टन पकडला होता.

साहेब खाली आले. रागावले नाई, तेच तर वाईट. हळूच म्हनले, "स्वतःच्या गाडीचं ऑइल नाही पाहिलं शकीलभाई? जंगलात माणसं तुमच्या भरवशावर असतात हो." अन् ते लोक वर गेले. त्याईच्या गाड्याईचा आवाज डोंगरापल्याड गेला, मंग तो बी नाई.

शकीलभाई गाडी ढकलत तांड्यात आला. धावजी धावला, त्याची बायको रुपीबाई पानी घेऊन आली.

"काय झालं भिया? पेट्रोल तर पाह्यलं ना? दोन चकरा झाल्या, टाकी पार खाली झालती. पंपावर जाऊन जितलं होतं तितलंच भरलं!"

रुपीबाई म्हनली, "आमी कोनाचं भांडंबी रिकामं वापस देत नाई भाऊ. गाडी कशी देनार?"

पंपावरचं निव्वळ पेट्रोल. ऑइल नाई. शकीलभाईले सारं एका झटक्यात समजलं. त्यानं तोंड उघडलं. धावजीच्या फाटक्या बनियनकडं पाह्यलं. त्या पेट्रोलासाठी यानं घरातलं काय इकलं असन, काय मालूम.

"पाह्यलं ना," तो म्हनला. "भरेल होती टाकी. जुनी गाडी हाय बाबा, वय झालं तिचं."

शबानालेही त्यानं तेच सांगतलं. आठ दिवसाच्या आत गॅरेजचं शटर पडलं. सामान बसवर चढवाले धावजीच आलता, म्हने, "गाडी माह्याकडं ठेवतो भिया, तू आला का पुन्हा बांधू." शकीलभाई हो म्हनला.

वणीले पहिल्याच दिवशी इम्तियाजनं ट्रकाच्या चाकाचा पाना त्याच्या हातात देल्ला. हातभर लांब, कोळशानं काळा.

"एक हाथ से नहीं होगा भाईजान," तो म्हनला, "इसके ऊपर खड़ा होना पड़ता।"

शकीलभाई पान्यावर चढून उभा राह्यला.