फेजच्या पिवळ्या चपला

पिवळ्या कातड्याच्या चपला कुठे दिसल्या की ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपुरात सदर भागातलं ठाणं माझ्याकडे होतं.

सकाळची हजेरी आटोपली आणि जवळच्या खापा गावची एक बाई पिशवी घेऊन टेबलासमोर उभी राहिली. तिचा नवरा सदरमधल्या एका बड्या कापड दुकानात सेल्समन. परदेशी माल आणायला मालक मोरोक्कोतल्या फेज या जुन्या शहरी गेला, तेव्हा विश्वासाचा माणूस म्हणून याला सोबत नेलं. परतला मात्र एकटाच. नवऱ्यानं तिकडेच दुसरा घरोबा केला आणि ही भेट पाठवली, असं सांगून मालकानं तिच्या हातात पिवळ्या चपला ठेवल्या. सासरचे तिलाच बोल लावू लागले होते.

"साहेब, ह्या त्याईनं नाही घेतल्या," ती म्हणाली.

"कशावरून?"

"जातानी माह्या पायाचं माप त्याईनं दोऱ्यावर घेतलं, दोरा खिशात ठेवला. जन्म गेला कापड मोजण्यात. एवढ्या मोठ्या काहून घेतील?"

तिनं चप्पल पायात घातली. टाचेमागे दोन बोटं जागा उरली. मी तिच्या पायाचं माप एका दोऱ्यावर घ्यायला लावलं, बेपत्ता इसमाची नोंद केली आणि मालकाला बोलावणं धाडलं.

तो पानाचा डबा घेऊनच आला. पाठोपाठ वरून फोन: प्रतिष्ठित माणूस आहे, संध्याकाळच्या आत मोकळा करा. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "शेटजी, फेज कसं आहे, सांगा तर."

शेटजी खुलले. गल्ल्या इतक्या अरुंद, की लादलेलं खेचर आलं की भिंतीला चिकटायचं. चामडं रंगवायचे हौद, तिथला असह्य वास, नाकाशी धरायला दिलेला पुदिना, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा चौक. रंगात आलेल्या माणसाला अडवू नये. प्रत्येक ठिकाणी मी एवढंच विचारत होतो, "तेव्हा तुमचा माणूस कुठे होता?"

"सोबतच होता जी."

"चपला कोणी निवडल्या?"

"त्यानंच. लय घासाघीस केली. बायकोले आवडतील म्हणे."

"आणि दोरा?"

"कोणता दोरा?"

मी बाईच्या मापाचा दोरा चपलेवर लांबीला ठेवला. दोन बोटं कमी पडला. "असाच एक त्याच्या खिशात होता. त्यानं या घेतल्याच नाहीत. आता सांगा, तो कुठे आहे?"

शेटजींचं चघळणं थांबलं. माणूस जिवंत नसावा, असंच मला वाटू लागलं होतं.

"तुरुंगात आहे," शेटजी शेवटी म्हणाले.

हॉटेलच्या झडतीत शेटजींच्या बॅगेत चरस निघाला होता. बॅग नोकराची आहे असं सांगून ते मोकळे झाले, पकडला गेला तो नोकर. त्याला तिथली भाषा येत नव्हती, खरं काय ते सांगता आलं नाही. चपला नंतर विमानतळावर घेतल्या, बाईचं तोंड बंद करायला.

मी जबाब नोंदवला, सही घेतली. वरून पुन्हा फोन आला तेव्हा तोच वाचून दाखवला. कागद दिल्लीला, तिथून वकिलातीत गेले. सुटकेला कित्येक महिने लागले.

खोटं बोलणारा अख्खं शहर हुबेहूब सांगतो, पण सोबतच्या माणसाकडे त्यानं कधी नीट पाहिलेलं नसतं. तिथेच तो सापडतो. पुढे नोकरीभर, बेपत्ता माणसाच्या घरची बाई ठाण्यात आली की मी आधी तिला खुर्ची देत असे.

तो परतला त्या दिवशी मीही स्टेशनवर गेलो होतो. पार खंगला होता. त्यानं खिशातून मळका दोरा काढून बायकोच्या हातात दिला.

"चपला राहूनच गेल्या," तो म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली, "माहे पाय काय पळून चालले?"