मधल्या खोलीचं छत

गावामागच्या टेकडीत अर्ध्या मातीत गाडलेल्या दगडी खोल्या होत्या. वाकून आत शिरायचं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, एवढ्याच त्या. कुणी बांधल्या, यावर गावात जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणे थडगी, कुणी म्हणे धान्याच्या कोठ्या. बोळातल्या इस्त्रीवालीला विचारलं, की ती इस्त्री न थांबवता सांगायची, "माझ्या बापानं बांधल्यात."

बाप पाथरवट. छिन्नीपेक्षा बाटली त्याच्या हातात जास्त शोभायची. पण लेक लहान असताना तो तिला मधल्या खोलीत घेऊन गेला आणि छताच्या शिळेवर कोरलेली आपली खूण दाखवली. बसवलेल्या दगडावर आपापली खूण सोडायची, ही पाथरवटांची रीत. लेकीला तेवढा पुरावा बस्स झाला. गावभर झिंगत हिंडणाऱ्या बापाचा तिला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला आणि तो तिनं जन्मभर जपला.

थोरल्या भावाला हे पटत नसे. बाप गेल्यावर तो चारचौघांत बोलून गेला, "स्वतःच्या घराची भिंत धड उभी केली नाही, तो टेकडीवर काय दिवे लावणार?" झालं. बहिणीनं बोलणं टाकलं. भाऊ राहायचा समोरच्याच घरात, तरी ही बाई त्याच्या दाराकडे पाठ करून इस्त्री फिरवायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशातली गत. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हाही ती गेली नाही. तो गेला, आणि वहिनीनं त्याला घालायचा सदरा इस्त्रीला आणून दिला. तिनं तो कडक करून दिला, पण उंबरा ओलांडला नाही.

यंदा टेकडीवर खणणारी माणसं आली. जमिनीखाली त्यांना हाडं आणि जुना कोळसा सापडला. त्यांच्यातल्या बाईंनी इस्त्रीवालीला जवळ बसवून समजावलं, "मावशी, या खोल्या हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत. मधल्या खोलीचं छत मात्र कोसळलं असणार. ते कुणीतरी अलीकडे नीट परत बसवलंय."

"त्यावर माझ्या बापाची खूण आहे."

"मग ती शिळा त्यांनीच बसवली असेल. बाकीचं काम त्यांचं नाही."

ती टेकडी उतरली ती तडक वहिनीच्या दारात. वहिनी भांडी पुसत होती.

"वहिनी, दादाचं खरं होतं. मीच उगाच वैर धरून बसले."

वहिनीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "खऱ्याखोट्याचं त्यांना काही राहिलं नव्हतं हो, वन्सं. शेवटी शेवटी रोज म्हणायचे, तिला एकदा येऊ दे. बापानंच बांधल्या म्हणून सांगतो तिला. माझं काय जातंय?"

इस्त्रीवाली तिथंच खाली बसली आणि भावासाठी पहिल्यांदा रडली.