तवा न घेता

माझे बाबा आयुष्यभर ‘नाही’ म्हणत आले. रेल्वेत होते तेव्हा साहेबाला, घरी आईला, बाजारात प्रत्येक दुकानदाराला. त्यांच्यासोबत खरेदीला जाणं म्हणजे डोक्याला ताप. साडी भडक, चप्पल कच्ची, भाव तर कायम अव्वाच्या सव्वा.

यंदा उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय सावरले, बोलणं गेलं. उरला एकच शब्द, इथला छत्तीसगढी होकार, ‘हव’. चहा घेता? हव. जेवता? हव. आणि हव म्हणून ताट दूर ढकलायचे, स्वतःवरच चिडायचे. समजत सगळं होतं. मला ते बघवत नसे. बोलणं परत येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. ते एवढंच म्हणाले, माणसांत फिरवा.

म्हणून एका सकाळी त्यांना सदर बाजारातून गोलबाजारापर्यंत पायी नेलं. वर जुन्या घरांचे लाकडी सज्जे, खाली सराफांची नुकतीच उघडलेली दुकानं. मसाल्याच्या गल्लीत मिरचीने दोघांनाही ठसका लागला. बांगड्यांपाशी मी रेंगाळले, तर त्यांनी माझा हात ओढला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

आईसाठी लोखंडी तवा घ्यायचा होता. भांडेवाला म्हणाला, “ले जाओ दीदी, जिंदगीभर चलेगा.” घासाघीस करायचा मला भारी कंटाळा. पाकीट काढता काढता मी सवयीने विचारलं, “बाबा, घेऊन टाकू न हा?”

“नाही.”

मी पाकीट तसंच धरून उभी राहिले. बाबा स्वतःच दचकले होते. मग ओठ जुळवत, जोर लावून पुन्हा म्हणाले, “ना...ही.” दुकानदाराला वाटलं, भाव पटला नाही. त्याने उतरवला. नाही. अजून उतरवला. नाही. तो वैतागला, आणि मला त्याच्या दुकानातच हसू आणि रडू एकदम आलं. इतके महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलला होता.

घरी आई दारातच होती.

“तवा कुठी आहे?”

“बाबा नाही म्हनले.”

“काहून? या मानसाले कधी काही पटलं आहे का...” म्हणता म्हणता ती थांबली. चौकट धरून उंबऱ्यावरच बसली. बाबा समोर उभे.

“पुन्हा विचार न त्यायले,” ती म्हणाली.