नखांवरची कोर
ओल्या मेंदीचा वास आला की नेरमधली माघातली ती दुपार आठवते. मला बघायला पाहुणे यायचे होते आणि मला तर मॅट्रिक व्हायचं होतं. त्यांनी नापसंत करावं म्हणून मी तळहात मुद्दाम कोरे ठेवले. अगदीच राहवेना, तेव्हा कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीनं नखांच्या मुळाशी मेंदीची बारीक कोर तेवढी काढली. आई करवादली, “हात कोरे काहून ठेवले वं?” मुलाच्या आत्यानं मात्र माझी बोटं धरून निरखली. “साजरी आहे पोरगी, नखरे नाहीत. आपल्या घराले शोभते. फोडा सुपारी.” मी बोटं सोडवू गेले, तशी तिची पकड घट्ट झाली. वैशाखात लग्न लागेस्तोवर ती कोर नखांच्या टोकाशी पोचली होती. मी कापून टाकली. आज नात स्वतःच्या हातांवर मेंदी काढायला बसली, तिला म्हटलं, “पार कोपरापर्यंत भर.”