तोरणाच्या अलीकडे

मेहकरच्या मोटार-अड्ड्यावर मी उभा राहिलो तेव्हा माझ्या पिशवीत एक धोतर, एक बंडी, कॅनव्हासचे बूट आणि पत्नीने बांधून दिलेले मेथीचे लाडू एवढेच सामान होते. तरीही मोटारीच्या मालकाने त्या पिशवीकडे असे पाहिले, की जणू आत चोरीचा माल असावा.

"मास्तर, मोताळ्याले शाळा तपासाले चालले काय?" त्याने विचारले.

मी "हो" म्हणालो. चाळिशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या साहाय्यक शिक्षकाने 'मी पळण्याच्या शर्यतीला निघालो आहे' असे चारचौघांत सांगावे, एवढे धैर्य माझ्या अंगी नव्हते. खरे बोलायला लाज वाटावी असा कोणता अपराध मी केला होता? आपल्याकडे पोलिसाने पळावे, चोराने पळावे, पोराने पळावे. प्रौढ माणूस पळाला की त्याच्या घरी काहीतरी अशुभ घडले असलेच पाहिजे. पैनगंगेच्या काठाने पहाटे पळण्याचा नाद मला दोन-तीन वर्षांपूर्वी लागला, तोही वैद्यांनी चालायला सांगितले म्हणून. कोणी पाहू नये यासाठी मी हातात टमरेल घेऊन पळत असे. परिणाम असा झाला, की गावात माझ्या पोटाविषयी काळजी पसरली. शेजारच्या काकूंनी सुंठीचा काढा पाठवला आणि मुख्याध्यापकांनी एका वर्गावरून दुसऱ्या वर्गावर जाताना मला बाजूला घेऊन ताकाचे गुण सांगितले. मी सर्वांचे आभार मानले. टमरेल मात्र सोडले नाही.

पण त्या पहाटेचे सुख! कपाशीच्या बोंडांवर दव साचलेले असते, ज्वारीच्या ताटांतून वारा खसखसतो, पहिल्या टप्प्यात छाती भरून येते, 'परत फिरावे' असे वाटते, आणि मग कुठेतरी, बहुधा आमराईच्या वळणावर, श्वासाला पायांची गती सापडते. त्यानंतर आपण पळत नसतो. वाटच आपल्याखालून मागे सरकत असते. इतक्या उशिरा लाभलेले सुख मी लपवून ठेवत होतो, ही गोष्ट आता लिहिताना मला स्वतःचाच राग येतो.

मोताळ्याला माझे अध्यापन शाळेतले जुने सोबती सदाशिवराव नोकरीला आहेत. त्यांनीच मला न विचारता माझे नाव शर्यतीत घातले होते. मोताळ्याच्या बाजारतळावरून निघायचे, धामणगाव बढ्यातून जायचे आणि त्यापुढच्या एका गावाच्या वेशीत शेवट. त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला चहा विचारला आहे. शर्यत भरवली होती त्या गावच्या पाटलांनी. त्यांचे पुतणे माधवराव अमरावतीला कॉलेजात शिकत होते आणि तिथे पळण्यात पेले जिंकत होते. ते पळणे गावाने डोळ्यांनी पाहावे, अशी पाटलांची हौस.

चिखलीपर्यंत धूळ आणि चिखलीनंतर अधिक धूळ असा प्रवास झाला. माझ्या शेजारी बुलढाण्याच्या कचेरीत निघालेले एक वकील होते. खिडकीतून येणारा लोट तोंडावर घेत ते म्हणाले, "पाहा मास्तर, आपल्या वऱ्हाडाचं नशीब. मालक निजाम हैदराबादेत, कारभारी इंग्रज नागपुरात, आणि धूळ मात्र आपल्या नाकात." सगळी मोटार हसली. मीही हसलो, पण त्यांचे बोलणे मनात टोचत राहिले. आपले काय आहे ते दुसऱ्या कोणी ठरवावे आणि आपण रुमालाने नाक पुसावे, हीच का आपली रीत?

बुलढाण्याच्या पुढे राजूर घाट लागतो. वळणावर झाडी बाजूला झाली आणि खालचा मुलूख एकदम दिसला: काळी, सपाट जमीन, तिच्यावर फुटलेल्या कपाशीचे पांढरे पट्टे आणि क्षितिजाशी पुसट होत गेलेला रस्ता. एवढ्या मोठ्या मोकळ्या जमिनीवर उद्या आपण आपल्या पायांनी धावणार, या विचाराने मी पिशवीतले बूट चाचपून पाहिले. भीतीने की आनंदाने, ते सांगता येत नाही.

सदाशिवरावांच्या घरी वहिनींनी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकर (ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली) केली होती. शर्यतीपूर्वी हलके जेवावे, असे मी कुठेतरी वाचले होते. पण ते वाक्य वहिनींसमोर उच्चारणे मला जमले नाही.

"अर्धी घ्याच भावजी. उद्या पळाचं आहे न तुम्हाले? मंग उपाशी पोटी कसे पळसान?"

मी अर्धी घेतली. त्यानंतर आणखी अर्धी घेतली.

सकाळी बाजारतळावर आम्ही पंधरा-वीस जण जमलो. बहुतेक शेतकऱ्यांची तरणी मुले. माधवराव अर्ध्या चड्डीत होते. उंच, देखणे आणि वागायला नम्र. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, तेव्हा माझे वय सर्वांच्या ध्यानात आले. माझ्या डाव्या हाताला तिशीचा एक काळासावळा गडी अनवाणी उभा होता. त्याचे नाव गंगाराम. पाटलांचेच वावर तो बटईने (पिकाच्या वाट्यावर) करीत होता.

"तुम्ही पळायला कुठे शिकलात?" मी विचारले.

"शिकाचं काय त्याच्यात? कापसाच्या गाड्या मलकापूरले निंगाल्या का मी पुढं पळत जातो. जिनिंगच्या फाटकापाशी जागा धराले. नाही तं दोन दोन दिवस गाड्या उभ्या राह्यतात." मग माझ्या बुटांकडे पाहून तो म्हणाला, "गुरुजी, हे काढून ठेवा. हे तुमाले पळू देनार नाहीत, तुमालेच हे वाहून न्या लागीन."

बाकीचे हसले. मी बूट काढले नाहीत. हा सल्ला योग्य होता, हे मला धामणगाव बढ्याच्या अलीकडे टाचेने समजावून सांगितले.

हलगी वाजली आणि सगळे असे उधळले, की मोताळ्याची वेस ओलांडेपर्यंत मी शेवटचा होतो. मला त्याचे वाईट वाटले नाही. शेवटच्या माणसाकडे कोणी बघत नाही, आणि न बघितले जाणे मला नेहमीच मानवते. पण कापूस वेचणाऱ्या बायकांनी तेही सुख लाभू दिले नाही.

"ओ मास्तर, कोन मागं लागलं जी?"

"त्याची बायको असन!"

"मंग पळा, पळा! सापडू नका!"

मी मान खाली घालून पळत राहिलो. पुढे हळूहळू एकेक पाठ जवळ येऊ लागली. उधळलेली पोरे थकून चालू लागली होती. मी मात्र पैनगंगेच्या काठी जसा पळतो तसाच पळत होतो. श्वासाला गती सापडली होती. मी एकाला ओलांडले, मग दुसऱ्याला. आणि प्रत्येक वेळी, सवयीने, "क्षमा करा" म्हणालो.

धामणगाव बढ्यात मोठा घोटाळा झाला. एका म्हाताऱ्या बाईने रस्त्यात येऊन माझा हातच धरला. "बस रे बापा, पानी पे, मंग पळजो. असं उभ्यानं पानी पेऊ नये." शर्यत आहे, असे मी तिला सांगितले. "असन. शर्यत काई पळून नाही जात." तिच्या ओट्यावर मी बसलो, गूळ खाल्ला, पाणी प्यालो, नमस्कार केला, आणि उठलो तेव्हा ज्यांना "क्षमा करा" म्हटले होते त्यांतले तिघे पुढे निघून गेले होते. त्यांची पुन्हा क्षमा मागावी लागली.

गाव मागे पडल्यावर नाल्याच्या उतारावर माधवराव बसलेले दिसले. पोटात कळ आली होती. मी थांबलो. "बरे आहात ना?"

"बरा आहे, गुरुजी. तुम्ही जा." ते कसेबसे हसले. "थांबू नका. आता पुढे एकटा गंगाराम आहे."

एकटा गंगाराम! म्हणजे मी दुसरा होतो. आयुष्यात मी कधी कशात दुसरा आलो नव्हतो. परीक्षेतदेखील मी मधल्या घोळक्यातच असे. टाच सोलली होती, भरीत अजून आठवण देत होते, तरी मला वाटले की त्या वेशीतून एकदा, फक्त एकदा, लोकांच्या देखत, टमरेलाशिवाय पळत आत जावे. दुसरी कोणतीही इच्छा त्या वेळी माझ्या मनात नव्हती.

वेस दिसली. रस्त्यावर दोन खांब रोवून त्यांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले होते, हलगी वाजत होती, गाव लोटले होते. आणि तोरणाच्या अलीकडे, चार हातांवर, गंगाराम गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. त्याचा पाय मुरगळला असे मला वाटले.

"काय झाले? चला ना आत!"

"तोरन हाये, गुरुजी."

मला अर्थ कळला नाही. मी तसाच पुढे गेलो, तर दोघांनी काठी आडवी धरली. अगदी अदबीने. पांढरा फेटा बांधलेले पाटील स्वतः पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "या, या गुरुजी. लय छान पळले. बसा, सावलीत बसा. माधव आला का मंग तुमी या."

"पण माधवराव मागे आहेत," मी म्हणालो.

"हाव, येऊन राह्यला असन. पयले मानाचा जाईन, मंग बाकीचे. तोरन बांधलं म्हनल्यावर रीत पाळा लागते का नाही? पोळ्याले कोनाची जोडी पयले जाते?"

पोळ्याला तोरणाखालून पाटलांची बैलजोडी पहिली जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण पोळ्याला बैल शर्यत लावत नाहीत. ते नटून, मिरवत जातात. इथे माणसे छाती फुटेपर्यंत पळत आली होती! पहिला कोण हे ठरवण्यासाठीच जर पळायचे, तर ते आधीच ठरवून टाकलेल्या माणसाने आम्हाला मोताळ्यापासून कशासाठी पळवले? हे सर्व मी म्हणालो नाही. माझ्या तोंडून एवढेच निघाले, "हे बरोबर नाही." आणि आवाज इतका कापरा निघाला, की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला दया आली.

"रुसले गुरुजी," तो म्हणाला.

"जावाई रुसला जनू!" कोणी तरी ओरडले आणि हशा पिकला. लगेच पाटलांनी घरातून नवा फेटा मागवला. तो माझ्या खांद्यावर घालीत ते म्हणाले, "रुसू नका बापा. हे घ्या. काही कमी पडलं काय? च्या आनू का?" मी फेटा काढून परत दिला, त्यांनी तो पुन्हा घातला. अन्याय करणारा माणूस उर्मट असता तर मी निदान त्याच्याशी भांडू शकलो असतो. हा गृहस्थ मला चहा पाजत होता! माझ्या रागाला त्या गावात एकच जागा मोकळी होती, रुसलेल्या जावयाची, आणि तिथे त्यांनी मला मानाने बसवले होते.

माधवराव आले. चालत, पोट धरून. आम्हाला बाहेर पाहून ते थबकले.

"काऊन थांबले तुम्ही?" त्यांनी विचारले आणि उत्तर त्यांना तोरणावर दिसले. ते लाल झाले. "काका, हा पोळा नाही. गंगाराम पहिला आला."

"तोरन बांधलं तं पोळाच," पाटील म्हणाले. "सारं गाव उभं हाये. चाल, जाय."

"मी नाही जात."

हलगीवाला थांबला. आता कोणीच हसत नव्हते. त्या क्षणी मला वाटले, की तिघेही असेच उभे राहू. उभ्या उभ्या हे तोरण वाळून जाईल. पण गंगारामच पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "जा मालक. आमी किती वेळ उभं राहाचं?" माधवरावांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. खाली मान घालून ते तोरणाखालून गेले. हलगी कडाडली. गंगाराम त्यांच्या मागून गेला.

"चला गुरुजी," पाटील प्रेमाने म्हणाले, "तिसरा नंबर तुमचा."

मी फेटा खांबावर ठेवला आणि वळलो. माझ्या पाठीमागे कोणी तरी म्हणाले, "पाहा, खरंच रुसला." मी मोताळ्याच्या दिशेने चालू लागलो. पळण्याची ताकद राहिली नव्हती, आणि रागाने डोळ्यांपुढचा रस्ताही नीट दिसत नव्हता.

नाल्यापाशी मागून पावले आली. गंगाराम होता. डोक्याला बक्षिसाचा फेटा.

"तुमाले आत या लागत होतं," तो म्हणाला.

"तू का गेलास? तू पहिला होतास!"

"तुमचं गाव मेहकर हाये, गुरुजी. मले इथंच रा लागते." काही वेळ तो माझ्याबरोबर चालला. मग त्याने इकडेतिकडे पाहिले आणि फेटा सारखा केला. "एक करसान काय? तिकडं मेहकरले सांगसान, का पयला मी आलतो म्हनून? इथं कोनी सांगनार नाही. माही बायको बी माधवरावच पयले आले म्हनते."

मी हो म्हणालो. तो परत फिरला. थोडा चालला आणि मग, कोणी बघत नाही असे पाहून, पळू लागला.

दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी मला परतीच्या मोटारीत बसवून दिले. घाट चढताना खालचा मुलूख पुन्हा दिसला, पण मी पाहिला नाही. परगावच्या रीती समजून घ्याव्यात, असे प्रवासवर्णनांच्या शेवटी लिहिण्याचा प्रघात आहे. मी ती रीत पुरती समजून घेतली आहे, आणि समजल्यामुळेच ती मला अधिक वाईट वाटते. जिथे मान आधीच दिलेला असतो तिथे माणसाचे पाय केवळ शोभेला लागतात.

मेहकरला उतरलो तो मोटारीच्या मालकाने विचारले, "काय मास्तर, झाली शाळा तपासून?" अड्ड्यावर बरीच माणसे होती.

"शाळा नव्हती," मी म्हणालो, आणि आवाज कापला तरी थांबलो नाही. "पळण्याची शर्यत होती. गंगाराम नावाचा एक शेतकरी पहिला आला. तोरणापाशी त्याला थांबवले, तरी पहिला तोच आला. मी त्याच्या मागे होतो. मी पाहिले आहे."

"अन् तुमचा नंबर?"

"सांगितले ना," मी म्हणालो, "गंगाराम पहिला आला."